फायबरचा शेअर घेण्याआधी ड्रम वाचायला शिका

महामार्गाच्या कडेला केशरी पाइपाची वेटोळी येऊन पडली आणि जेसीबीने चर घ्यायला सुरुवात केली, की आठवडाभरात मला दोन-तीन फोन येतातच. "दादा, हाऊ फायबरना शेअर लेऊ का?" मी अकरा वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात फायबर जोडायचं काम केलं, त्यामुळे लोकांना वाटतं याच्याकडे आतली खबर असणार. मला आतलं ठाऊक आहे ते चराच्या आतलं. शेअरबाजार मी नंतर शिकलो, तोही फी भरून. ती फी कुठे भरली ते पुढे येईलच.

ज्याने अजून डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडलेलं नाही किंवा नुकतंच उघडलंय, आणि ज्याला फायबर, ऑप्टिकल यंत्रं, शहरांतलं वाढतं नेटवर्क यांत पैसे घालावेसे वाटतात, त्याच्यासाठी हे लिहितोय. कंपन्यांची नावं येतील ती धंदा समजावण्यापुरती. मी नोंदणीकृत सल्लागार नाही. अमुक घ्या, तमुक विका असं इथे शोधू नका.

पायरी १: अमळनेर थोडं बाजूला ठेवा

आपल्याकडे शेअर म्हटलं की अमळनेर. १९४५ साली तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, पुढे तिचीच विप्रो झाली, आणि ज्यांनी कागद पेटीत तसेच पडू दिले त्यांच्या पुढच्या पिढ्या सुखी झाल्या. गोष्ट शंभर टक्के खरी. पण त्याच काळात निघालेल्या आणि बुडालेल्या कंपन्यांचे कागद कुणाच्या पेटीत आहेत, ते कोणी ओट्यावर बसून सांगत नाही. शिवाय ज्यांनी शेअर घेतले त्यांनी तुपाच्या कारखान्याचे घेतले होते. तो कारखाना एक दिवस संगणकाच्या धंद्यात उतरेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

या गोष्टीने आपल्याला एक सवय लागली: नव्या तंत्राची कंपनी पकडायची, विसरायची, चाळीस वर्षांनी पेटी उघडायची. ऑप्टिकल कंपन्यांच्या बाबतीत ही सवय महाग पडते. त्यांचा माल घेणारे मोजकेच असतात: तीन-चार दूरसंचार कंपन्या, सरकार, आणि डेटा सेंटरवाले बडे धनी. हे लोक दोन-तीन वर्षं धडाक्याने खरेदी करतात आणि मग एकाच वेळी हात आखडतात. तेव्हा पेटीतला कागद आपोआप पिकत नाही.

पायरी २: ठिबकवरून जाळं समजून घ्या

रावेर-यावलकडच्या कुठल्याही केळीच्या बागेत उभे राहा. विहिरीवरून मेन लाईन येते, तिला सबमेन फुटते, सबमेनवर व्हॉल्व असतात आणि तिथून ओळीओळीला नळी. दूरसंचाराचं जाळं याच बांध्याचं आहे. विहीर म्हणाल तर मुंबई: वर्सोव्याला समुद्राखालच्या केबली किनाऱ्याला लागतात आणि नवी मुंबईत डेटा सेंटरं उभी आहेत. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरकडे किंवा खंडव्याकडे जाणारी लांब पल्ल्याची केबल ही मेन लाईन. शहराच्या आत एक्सचेंज, टॉवर, बँका, दवाखाने आणि डेटा सेंटर यांना जोडणारं कडं ही सबमेन; यालाच मेट्रो नेटवर्क म्हणतात, रुळांवरच्या मेट्रोशी त्याचा संबंध नाही. आणि तुमच्या भिंतीवरून राउटरपर्यंत येणारी बारीक काळी वायर ती नळी.

कडं का? एका बाजूला केबल तुटली तर दुसऱ्या बाजूने काम चालू राहावं म्हणून. सुरत-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण चाललं होतं त्या काळात आमची टोळी रोज कुठे ना कुठे चिखलात बसलेली असायची. जिथे कडं होतं तिथे ग्राहकाला काही कळायचंही नाही. जिथे एकेरी केबल होती तिथे तालुक्याची बँक "लिंक नाही" अशी पाटी लावून दिवसभर बसायची.

आता काचेकडे या, कारण पैशाचं सगळं गणित तिथे आहे. धागा १२५ मायक्रॉनचा, साधारण केसाएवढा, आणि प्रकाश ज्यातून जातो तो त्याचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कित्येक किलोमीटर जाऊ शकतो हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं; १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकी कंपनीने तशी काच काढून दाखवली; काओ यांना नोबेल मिळायला २००९ उजाडलं. आजच्या चांगल्या धाग्यात किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो. म्हणजे जळगावात सोडलेला प्रकाश भुसावळला पोचेपर्यंत तिसरा हिस्सा उरतो. ऐंशी ते शंभर किलोमीटरवर, म्हणजे जळगावहून धुळ्याला जाईपर्यंत, त्याला पुन्हा जोर द्यावा लागतो.

एकाच धाग्यातून वेगवेगळ्या तरंगलांबीचे, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे म्हणा, कितीतरी प्रकाशकिरण एकाच वेळी पाठवता येतात. या तंत्राला डीडब्ल्यूडीएम म्हणतात. एका रंगावर पूर्वी सेकंदाला १० गिगाबिट जायचे, मग १००, मग ४००, आता ८००. जमिनीत पुरलेली काच तीच. दोन्ही टोकांच्या पेट्या बदलल्या की जाळ्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. चर घ्यायची गरज नाही, परवानगी नको, जेसीबी नको.

नव्या माणसाने इथे थांबून विचार करावा. शहरात लोक जास्त व्हिडिओ बघायला लागले, तर पहिली खरेदी पेट्यांची होते. काचेची खरेदी होते ती नवी जागा जोडायची असते तेव्हा: नवा टॉवर, नवी कॉलनी, नवं डेटा सेंटर. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झाल्यावर टॉवरपर्यंत काच नेण्याची घाई झाली, कारण टॉवरवरच्या डिशमधून हवेतून जाणारा दुवा एवढा भार पेलत नाही. आणि एआयच्या डेटा सेंटरमध्ये तर एकाच इमारतीच्या आत, यंत्रापासून यंत्रापर्यंत, काचेचे भारेच्या भारे लागतात. म्हणून "डेटा वाढतोय" हे वाक्य ऐकून शेअर घेऊ नका. वाढ कुठल्या तुकड्यात आहे, मेन लाईन, सबमेन की नळी, आणि तिथे काच लागणार की पेटी, हे आधी विचारा.

पायरी ३: कोणाची कमाई कशी ते ओळखा

एकाच चराभोवती चार प्रकारचे लोक उभे असतात.

पहिला काचवाला. पुण्यात मुख्यालय असलेल्या स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने छत्रपती संभाजीनगरला आहेत, म्हणजे चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नड ओलांडलं की पुढे. हैदराबादेत धागा ओढणारी एचएफसीएल, रेव्याची बिर्ला केबल, विजेच्या वायरींबरोबर फायबर केबलही करणारी पुण्याची फिनोलेक्स केबल्स, हे याच रांगेतले. यांच्यात एक फरक बघायचा. काचेचा जाड दांडा, त्याला प्रीफॉर्म म्हणतात, भट्टीत सुमारे दोन हजार अंशांना वितळवून त्याचा धागा ओढतात. प्रीफॉर्म करायचा कारखाना फार खर्चिक, म्हणून तो मोजक्यांकडेच असतो. बाकीचे दांडा किंवा तयार धागा विकत घेऊन वर आवरण चढवतात. भाव पडले की विकत घेणाऱ्याला कच्चा मालही स्वस्त मिळतो; स्वतःची भट्टी असलेल्याला मात्र ती बंद ठेवली तरी कर्जाचा हप्ता भरावाच लागतो. तेजीत याच्या उलट. डाळ मिल आणि तूर पिकवणारा यांच्यातला फरक ज्याला कळतो, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरा पेटीवाला. भारतात बंगळूरची तेजस नेटवर्क्स, २००० साली सुरू झालेली, २०१७ मध्ये बाजारात आलेली, २०२१ पासून टाटांच्या ताब्यात गेलेली. बाहेर अमेरिकेची सिएना आणि फिनलंडची नोकिया. नोकियाने २०२५ मध्ये इन्फिनेरा ही ऑप्टिकल कंपनी विकत घेतली. या धंद्यात संशोधनावर सतत पैसा ओतावा लागतो. एक पिढी चुकली की ग्राहक दुसरीकडे जातो.

तिसरा ठेकेदार, म्हणजे आमची जमात. चर घेणारा, पाइप टाकणारा, हवेच्या दाबाने केबल पाइपात ढकलणारा, सांधे मारणारा, ओटीडीआर लावून कुठे तुटलंय ते शोधणारा. काचवाल्या कंपन्यांपैकी काहींनी हाही धंदा केला. स्टरलाइटने आपला सेवांचा भाग २०२५ मध्ये वेगळ्या कंपनीत काढला. ठेकेदाराचा नफा कागदावर लवकर दिसतो आणि खिशात उशिरा येतो.

चौथा जाळ्याचा मालक, जो भाडं खातो. रेलटेल हे सोपं उदाहरण: २००० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी, रुळांच्या कडेने साठ हजार किलोमीटरहून जास्त फायबर, २०२१ च्या फेब्रुवारीत ९४ रुपयांनी लोकांना शेअर दिले. भुसावळला उभं राहिलं की मुंबई, नागपूर, इटारसी आणि सुरत अशा चारही दिशांचे रूळ दिसतात. जाळ्याच्या दृष्टीने गावाला महत्त्व का येतं ते तिथे कळतं. एअरटेल, टाटा कम्युनिकेशन्स यांच्याकडेही मोठी जाळी आहेत, पण त्यांचे इतर धंदे एवढे मोठे की फायबरसाठी म्हणून तो शेअर घेणं म्हणजे भरताच्या वांग्यासाठी अख्खा आठवडी बाजार विकत घेणं.

कोणताही शेअर बघताना पहिलं काम एवढंच: तो या चारपैकी कोण, किंवा दोन-तीन मिळून किती-किती, हे एका कागदावर लिहा. लिहिता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

पायरी ४: कापसाचं गणित विसरू नका

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी आपल्याकडे घरोघरी कापूस भरून ठेवला होता, पुन्हा दहा हजार होणार म्हणून. खोल्या भरल्या, पोरांच्या अंगाला खाज सुटली आणि भाव खालीच येत गेला. कापसाची गरज जगात संपली होती का? नाही. माल जास्त झाला आणि घेणाऱ्याला घाई उरली नाही.

फायबरचं हेच झालं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी, आणि कापसापेक्षा कितीतरी भीषण. १९९० च्या दशकाच्या शेवटी इंटरनेटचा वापर प्रचंड वाढणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तो खरोखरच वाढला. त्या भरवशावर अमेरिकेत कर्ज काढून लाखो किलोमीटर काच पुरली गेली. त्याच वेळी डीडब्ल्यूडीएममुळे एकेका धाग्याची ताकद वाढली. दोन्ही मिळून एवढी क्षमता तयार झाली की बरीचशी काच वर्षानुवर्षं अंधारातच पडून राहिली. या धंद्यात तिला डार्क फायबर म्हणतात. अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० ला ५,०४८ वर होता, ऑक्टोबर २००२ पर्यंत तो तीन-चतुर्थांशाहून जास्त घसरला. जानेवारी २००२ मध्ये ग्लोबल क्रॉसिंग दिवाळखोरीत गेली, जुलैमध्ये वर्ल्डकॉम. ऑप्टिकल सुटे भाग करणाऱ्या जेडीएस युनिफेजने २००१ च्या आर्थिक वर्षात पन्नास अब्ज डॉलरहून जास्त तोटा दाखवला. कॅनडाची नॉर्टेल कशीबशी तग धरून होती, तीही जानेवारी २००९ मध्ये कोसळली आणि तिचा मेट्रो व ऑप्टिकल धंदा २०१० मध्ये सिएनाने उचलला. ज्या कॉर्निंगने पहिली काच काढली, तिचा शेअर २००० मध्ये शंभर डॉलरच्या वर होता आणि २००२ मध्ये दोन डॉलरच्याही खाली. कॉर्निंग जगली, आज भरभराटीला आहे. पण शिखरावर घेतलेल्या माणसाचं काय झालं ते बघा.

आपल्याकडे २००० मध्येच एचएफसीएलचा शेअर दोन हजारांच्या वर गेला होता. मुंबईचे शेअरदलाल केतन पारेख यांच्या लाडक्या दहा शेअरांत, ज्यांना के-१० म्हणायचे, तो होता. मार्च २००१ मध्ये पारेख यांना अटक झाली, शेअर गडगडला, आणि पुढच्या वीस वर्षांत त्याने ते शिखर पाहिलं नाही. कंपनी चालू आहे, काच करते आहे, ऑर्डरी घेते आहे.

नुकतं उदाहरण हवं तर २०२३ घ्या. करोनाच्या काळात अमेरिका-युरोपातल्या दूरसंचार कंपन्यांनी माल मिळणार नाही या भीतीने गोदामं भरून ठेवली, मग वर्ष-दीड वर्ष नवी खरेदी थांबवली. जगभर काचवाल्यांचे भाव आणि नफा दोन्ही पडले, स्टरलाइट २०२३-२४ मध्ये तोट्यात गेली. त्या वर्षात मोबाइल डेटा कमी झाला होता का? उलट वाढला होता.

म्हणून किंमत बघताना मी गेल्या वर्षाच्या नफ्यावर जात नाही. दहा वर्षांचे नफा-तोट्याचे आकडे एका ओळीत मांडतो, त्यात एक तेजी आणि एक मंदी यायलाच हवी, आणि त्यांची सरासरी काढतो. आजचा भाव त्या सरासरीच्या किती पट आहे ते बघतो. तेजीच्या वर्षातल्या नफ्यावर "पीई (भाव नफ्याच्या किती पट तो आकडा) स्वस्त आहे" असं कोणी सांगितलं तर मला २०२२ चा कापूस आठवतो.

पायरी ५: वार्षिक अहवालात कुठे बोट ठेवायचं

अहवाल फुकट मिळतो, कंपनीच्या आणि शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर. तीनशे पानं बघून घाबरू नका. सुरुवातीची रंगीत पानं आणि हसरे फोटो सोडून द्या.

आता माझी फी. आमच्या टोळीला एका मोठ्या ठेकेदार कंपनीचं उपकंत्राट मिळालं होतं. तीन तालुके, काम जोरात, गाड्याच गाड्या. मला वाटलं, कंपनीकडे एवढं काम आहे हे मी डोळ्यांनी बघतोय, बाजाराला अजून कळलेलं नाही. साठवलेले पैसे काढून तिचे शेअर घेतले. गंमत अशी की त्याच कंपनीकडे माझं स्वतःचं बिल आठ महिने अडकलं होतं. साहेब म्हणायचे, "वरून पैसे आले की देतो." कंपनीला वरून पैसे येत नाहीत ही बातमी सगळ्या बाजाराआधी माझ्या हातात होती, आणि मी तिचा अर्थ लावला नाही! पुढे तिचं कर्ज थकलं, शेअर दहाव्या हिश्शावर आला. बिल मात्र अर्धं मिळालं. बायको अजून म्हणते, निदान शेअर तरी घ्यायचे नव्हते.

तेव्हापासून मी सगळ्यात आधी येणी बघतो. ताळेबंदात विकलेल्या मालाचे अजून न मिळालेले पैसे किती ते दिलेलं असतं. त्याला वर्षाच्या विक्रीने भागा आणि ३६५ ने गुणा. समजा विक्री १,००० कोटी आणि येणी ६०० कोटी, तर उत्तर २१९ येतं, म्हणजे माल दिल्यावर पैसे यायला सात महिन्यांहून जास्त. नुसता माल विकणाऱ्या काचवाल्याचा आकडा यापेक्षा बराच कमी असायला हवा. सरकारी ठेकेदाराचा जास्त असतोच, पण तो दरवर्षी वाढतोय का ते बघा. वाढत असेल तर तुमच्यासमोर माझं अडकलेलं बिल आहे.

दुसरं बोट रोख प्रवाहाच्या पानावर. नफा शंभर कोटी आणि धंद्यातून आलेली रोख उणे, असं सलग तीन वर्षं दिसलं तर मी अहवाल मिटतो.

तिसरं, एकाच ग्राहकावर किती भार आहे. अहवालाच्या टिपांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त विक्री देणाऱ्या ग्राहकांचा उल्लेख असतो. तेजस नेटवर्क्सकडे बघा: बीएसएनएलच्या ४जी कामामुळे २०२४-२५ मध्ये विक्री ८,९०० कोटींच्या घरात गेली. त्या कामाचा मोठा टप्पा संपला आणि जून २०२५ च्या तिमाहीत विक्री २०० कोटींच्या आसपास, वर तोटा. कंपनीने काही गैर केलं असं नाही. एका ग्राहकाचं मोठं काम संपलं की पुढचं येईपर्यंत असंच दिसतं. पण ज्याने ८,९०० हा आकडा पायाभूत धरून शेअर घेतला, त्याचा पाय घसरला.

मग कर्ज, आणि प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवलेत का हे. ते दर तिमाहीच्या शेअरधारणेच्या तक्त्यात सापडतं. गहाण वाढत असेल तर सराफाकडे दागिने नेणाऱ्या घराकडे आपण जसं बघतो तसंच बघावं.

आणि ऑर्डर बुक, म्हणजे हातात असलेल्या ऑर्डरींची बेरीज? टीव्हीवर सगळ्यात जास्त गाजतो तो आकडा. ऑर्डर मिळाली म्हणजे काम मिळालं. परवानग्या, चर, तपासणी, बिल, मंजुरी, आणि मग पैसे. मी त्या आकड्याला भागून बघतो: ही ऑर्डर किती वर्षांत पुरी करायची आहे? चार हजार कोटींच्या ऑर्डरीत दहा वर्षांची देखभाल धरली असेल तर वर्षाला येणारा आकडा पुष्कळ लहान निघतो.

पायरी ६: सरकारी कामाकडे कसं बघायचं

खान्देशात फायबर म्हणजे बहुतेकांना ग्रामपंचायतीतली कुलूपबंद पेटी आठवते. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती काचेने जोडायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ पासून तिचं नाव भारतनेट. आधीच्या टप्प्यांत बरीचशी केबल एकेरी गेली. एक कट झाला की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले, त्यात गावांना कड्याने जोडणं आणि दहा वर्षांची देखभाल आहे.

आकडा ऐकून डोळे विस्फारतात, म्हणून सांगतो. ही रक्कम अनेक वर्षांत, अनेक पॅकेजांत, अनेक कंपन्यांत वाटली जाते. निविदा सर्वात कमी दराला जाते, म्हणजे काम मिळवणाऱ्याने आधीच आपला नफा कापलेला असतो. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चर घेता येत नाही. जून ते सप्टेंबर आमची मशिनं उभी असायची. सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावकडे तर खडक फोडायला लागणारा वेळ कुठल्याच निविदेत नीट धरलेला नसतो. घोषणा आणि कंपनीच्या खात्यातली जमा यांच्यात मी निदान दोन वर्षांचं अंतर धरून चालतो.

त्यामानाने मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई इथल्या डेटा सेंटरना जोडणाऱ्या मेट्रो कड्यांचं काम खासगी मालकांचं असतं, निर्णय पटकन होतात, पैसे वेळेवर येतात. पण तेच लोक हात आखडायलाही पटाईत. सरकार उशीर करतं, खासगी एकदम थांबतं. दोन्हीकडे पाय असलेली कंपनी मला बरी वाटते.

पायरी ७: खातं, रक्कम, कर

हा भाग झटपट. आधार, पॅन, बँक खातं असलं की डीमॅट खातं घरबसल्या उघडतं. वारस नोंदवायला विसरू नका. घेतलेला शेअर लगेच पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतो. आला की नाही ते दलालाच्या ॲपवर न बघता सीडीएसएल किंवा एनएसडीएल, म्हणजे शेअर प्रत्यक्ष जिथे नोंदलेले असतात त्या संस्था, यांच्या स्वतःच्या सोयीवर बघा. सल्ला देणारा सेबीचा (शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक सांगत असेल तर तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासा, आणि सांगत नसेल तर व्हॉट्सॲपच्या त्या गटातून बाहेर पडा. फ्युचर्स-ऑप्शन्सला, म्हणजे शेअरच्या वायद्याच्या सौद्यांना, हात लावू नका: सेबीच्याच पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला.

वर्षाच्या आत विकून नफा झाला तर २० टक्के कर. वर्षानंतर विकला तर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे.

सिएना, कॉर्निंग, लुमेंटम यांसारखे परदेशी शेअर भारतातून कायदेशीर घेता येतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता भरावा लागतो, आणि तो राहिला तर दंड जबर असतो. पहिल्या दोन वर्षांत हा फाटा घेऊ नका असं माझं मत.

किती घालायचे? घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला, पीककर्ज किंवा दुकानाची उधारी फेडलेली, आणि निर्देशांक फंडात (निर्देशांकातले सगळे शेअर थोडे थोडे घेणारा फंड) दरमहा काहीतरी चालू. त्यानंतर शेअरसाठी जे उरेल त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त या एका धंद्यात नको. तेही एकदम नाही. चार भाग करा आणि वर्षभरात घ्या. वडीलधारे म्हणतील, त्यापेक्षा जळगावात जाऊन सोनं घे. त्यांचं ऐकलंत तरी मी भांडणार नाही.

पायरी ८: घेतल्यानंतर

वहीत एक पान करा. शेअर का घेतला ते दोन ओळींत, आणि काय झालं तर विकणार ते एका ओळीत. माझ्या एका पानावर लिहिलंय: "येणी २०० दिवसांच्या वर गेली की बाहेर." भावाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

रोज भाव बघू नका, वर्षातून चारदा निकाल बघा. तिमाही संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांत आणि वर्षाचा साठ दिवसांत निकाल द्यावा लागतो. जूनचा निकाल कानबाईच्या आसपास, सप्टेंबरचा दिवाळीच्या पुढे-मागे, डिसेंबरचा हरभरा काढायच्या वेळी, आणि वर्षाचा आखाजी झाल्यावर मे अखेरपर्यंत. चारही वेळा तीच तीन-चार बोटं ठेवायची आणि वही मिटायची.

मधल्या काळात डोळ्यांना काम हवंच असेल तर रस्त्याच्या कडेला पडलेला केबलचा लाकडी ड्रम वाचा. आवरणावर दर मीटरला करणाऱ्याचं नाव, धाग्यांची संख्या आणि वर्ष छापलेलं असतं. २४ धाग्यांची केबल खेड्याकडे निघाली असेल; ९६ किंवा त्याहून जास्त दिसली तर शहराचं कडं जाड होतंय असं समजा. आणि ड्रमवरचं वर्ष दोन-तीन वर्षं जुनं निघालं, तर कुणाच्या तरी गोदामात माल पडून होता. माझ्या भाच्याने मागच्या महिन्यात पारोळ्याजवळून असा एक फोटो पाठवला. मी त्याला परत फोन करून एवढंच विचारलं, "वर्ष कोणतं शे?"